डोंगरातल्या लॉजपर्यंत पाहुण्यांनी हेलिकॉप्टरने जावे का?

दरीकाठ (धागालेखक)

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांच्या पर्वतरांगांत, गाडीरस्ता जिथे संपतो त्याच्याही बऱ्याच पुढे जी छोटी छोटी लॉज आहेत, त्यांचा हिवाळी हंगाम आता आवरत आला आहे. एप्रिलच्या मध्यानंतर बहुतेक ठिकाणी खिडक्यांवर फळ्या ठोकल्या जातात, रिकामे गॅस सिलिंडर आणि संडासाची भरलेली पिंपे हेलिकॉप्टरखाली दोराला लटकवून दरीत उतरवली जातात आणि मग उन्हाळ्यापर्यंत तिथे चिटपाखरूही फिरकत नाही. याच सुमारास लॉजचालकांकडून पुढच्या हंगामाच्या बातम्या येऊ लागतात. उन्हाळा कधी सुरू होणार, कोणत्या आठवड्यात किती जागा उरल्या आहेत, लार्चची झाडे सोनेरी होतात त्या सप्टेंबरमधल्या दिवसांसाठी नावे कधीपासून घेणार, अशी ती माहिती असते.

यंदाच्या बातम्या वाचताना एक गोष्ट मला खटकली. बऱ्याच ठिकाणी ‘कसे पोहोचावे’ या मथळ्याखाली पहिली ओळ हेलिकॉप्टरच्या वारांची आणि वेळांची असते. पायवाटेचा उल्लेख असलाच तर तो शेवटी, ‘हौशी लोकांसाठी’ अशा सुरात येतो. हा क्रम उलटा असावा असे माझे मत आहे. सामान हेलिकॉप्टरने जावे, आजारी माणसाला हेलिकॉप्टरने आणावे, परंतु धडधाकट पाहुण्याने आपल्या पायांनी किंवा स्कीवरून यावे, आणि ज्या लॉजपर्यंत चांगली पायवाट आहे तिथे तरी पाहुण्यांची उड्डाणे बंद करावीत.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातील स्कोकी लॉज १९३०-३१ पासून उभे आहे. तिथे वीज नाही, नळ नाही, आणि पाहुणा बोल्डर व डिसेप्शन या दोन खिंडी ओलांडून ११ किलोमीटर चालत किंवा स्कीवरून येतो. माउंट असिनिबॉइनच्या पायथ्याचे लॉज कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १९२८ मध्ये बांधले. त्याच वर्षी स्कीचे वाटाडे एर्लिंग स्ट्रॉम आणि मार्की देल्यी अल्बिझ्झी तिथे पाहुण्यांना घेऊन स्कीवरूनच पोहोचले होते. आज त्याच लॉजसाठी माउंट शार्कच्या हेलिपॅडवर रांग लागते.

दोन वर्षांपूर्वी मी ब्रायंट क्रीकच्या वाटेने, दोन दिवसांत सुमारे २७ किलोमीटर चालून, असिनिबॉइनला गेलो. शेवटच्या चढावर झाडी विरळ झाली, ३,६१८ मीटरचे ते शिखर एकदम पुढ्यात आले आणि नेमके त्याच वेळी डोक्यावरून हेलिकॉप्टर गेले. नंतरच्या तासाभरात ते आणखी चार वेळा गेले. माझी तक्रार केवळ आवाजाची नाही. चालून आलेल्या माणसाला आपण किती दूर आलो आहोत हे कळलेले असते; उडून आलेल्याला ते कळायला काही मार्गच नसतो, आणि दूरपण हीच तर या जागांची खरी मिळकत आहे.

नाना कॅल्गरीकर

दरीकाठ, आपला धागा मनापासून लिहिलेला आहे, तरीही त्याच्याशी मी ठामपणे असहमत आहे.

आपण उन्हाळ्याचा अनुभव सांगून नियम मात्र बारमाही मागत आहात. सेल्कर्क, पर्सेल आणि मोनाशी या रांगांतली बहुतेक लॉज मुख्यतः हिवाळ्यात, स्कीवाल्यांच्या जिवावर चालतात. तिथे पायथ्यापासून चालत जायचे म्हणजे लाकूडतोडीच्या बर्फाने बंद झालेल्या रस्त्यांवरून आणि नंतर अरुंद दऱ्यांच्या तळातून दिवसभर जायचे. दरीचा तळ सुरक्षित वाटतो, पण वरच्या उतारावर काय लटकले आहे हे खालच्या माणसाला दिसत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी रॉजर्स खिंडीजवळ कॉनॉट क्रीकच्या दरीतून शाळकरी मुलांचा गट स्कीवरून चालला होता. चेऑप्स पर्वतावरून सुटलेला हिमप्रपात दरीच्या तळापर्यंत आला आणि ७ मुले दगावली. ती मुले शिखरावर निघाली नव्हती. दरीतून जात होती. आपला नियम लागू झाला तर प्रत्येक शनिवारी प्रत्येक लॉजचे पंधरा-वीस पाहुणे, पाठीवर आठवड्याचे ओझे घेऊन, अशा दऱ्यांतून जातील, आणि हवा बिघडली तरी जातील, कारण बुकिंग आठवड्याचे असते.

दुसरे असे की माझे वय ६८ आहे आणि डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. मी धडधाकट आहे की नाही हे हेलिपॅडवर कोण ठरवणार? डॉक्टरांचा दाखला मागणार की उठाबशा काढायला लावणार?

अनवाणी

चालत गेलेल्या माणसाला उडत आलेल्या माणसाचा राग येतो आणि दोघांनाही स्नोमोबाइलवाल्याचा राग येतो. यापलीकडे या धाग्यात काही निघेल असे वाटत नाही.

दरीकाठ

अनवाणी, निघेल. थोडा धीर धरावा.

नाना, आपण सांगितलेली दुर्घटना मला माहीत आहे. तिच्यावरून हलकेपणाने वाद घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु त्याच हिवाळ्यात, तिच्या बाराच दिवस आधी, २० जानेवारी २००३ रोजी याच सेल्कर्क रांगेत आणखी ७ जण हिमप्रपातात गेले, आणि तो गट हेलिकॉप्टरने पोहोचण्याच्या लॉजवर उतरलेला होता. म्हणजे उडत गेल्याने धोका टळत नाही; तो पहिल्या दिवसावरून दुसऱ्या दिवसावर जातो. त्या दोन घटनांनंतर २००४ मध्ये हिमप्रपातांचे इशारे देणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, जी आज ॲव्हलांच कॅनडा म्हणून ओळखली जाते. कोणत्या वाटेवर किती धोका आहे याची प्रतवारीही तेव्हापासूनच होऊ लागली. आज माणूस वाट निवडताना तेव्हाइतका अंधारात नसतो.

गुडघ्याच्या प्रश्नावर मात्र आपण मला पेचात पकडले आहे, हे कबूल करतो. उठाबशांची सूचना माझी नव्हे.

पाचवा_मैल

मी एक हिवाळा अशाच एका लॉजवर मदतनीस म्हणून काढला आहे: लाकडे फोडणे, ओढ्यातून पाणी आणणे, भांडी घासणे आणि शनिवारी हेलिकॉप्टर लावणे. धाग्यात ‘सामान उडू द्या, माणसे चालू द्या’ असे म्हटले आहे. ते हिशेबात कसे बसत नाही, हे सांगतो.

शनिवारी सकाळी खाली दरीतल्या मोकळ्या जागेत नवा गट जमतो. तिथे साधा वजनकाटा असतो आणि प्रत्येक पिशवी, खोके, भाजीची पेटी, सगळे त्यावर चढते, कारण वैमानिकाला प्रत्येक फेरीचे वजन आधी कळावे लागते. हेलिकॉप्टर वर जाताना नव्या पाहुण्यांना आणि ताज्या भाजीपाल्याला नेते, खाली येताना जुन्या पाहुण्यांना आणि कचऱ्याच्या पिशव्यांना आणते. एकही फेरी रिकामी जाऊ नये यासाठी आदल्या रात्री कंदिलाशी बसून आम्ही यादी करायचो. हेलिकॉप्टरचे भाडे तासावर असते, आणि तळावरून दरीपर्यंत येण्याजाण्याचा वेळही त्यातच मोजला जातो. पाहुण्यांना खाली उतरवले तरी बटाटे, गॅस आणि पिंपे यांच्यासाठी ते यंत्र येणारच. फरक इतकाच पडेल की त्याचे पैसे आठवड्याच्या पाहुण्यांत वाटले जाण्याऐवजी एकट्या लॉजवाल्याच्या डोक्यावर येतील. दहाबारा खाटांचे घर तो भार एका हंगामात सोसेल, दुसऱ्या हंगामात विकायला काढेल, आणि विकत घेणारा कोण असेल याचा विचार करावा.

आणखी एक सांगतो, कारण ते दृश्य विसरता येत नाही. हेलिकॉप्टर वर उतरते तेव्हा सगळे जण बर्फात गुडघे टेकून, आपापल्या सामानावर पालथे पडून असतात. पात्यांच्या वाऱ्याने उडालेला बर्फ मानेतून आत जातो, आणि ठरलेली खूण होईपर्यंत कोणी डोके वर काढत नाही. स्की आडव्या ठेवायच्या, उभ्या कधीच नाहीत. आलेला गट आणि जाणारा गट त्या दोन मिनिटांत एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, कारण सगळे पांढरे झालेले असतात. एका शनिवारी ढग उतरले आणि हेलिकॉप्टर आलेच नाही. वर जुना गट उरल्यासुरल्या पिठावर, खाली नवा गट मोटेलात, असे सोमवारपर्यंत चालले. तेव्हा उडून येणाऱ्याला दूरपण कळतच नाही, हे दरीकाठ यांचे वाक्य त्या जुन्या गटातल्या मंडळींना वाचून दाखवावेसे वाटते.

हिमगौरी

चर्चा माणसांच्या गुडघ्यांवर आणि खिशावर अडकली आहे. तिथे ज्यांचे घर आहे त्यांच्याविषयी कोणीच बोललेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

या पर्वतांतले कॅरिबू (रेनडियरच्या जातीची हरणे) भर हिवाळ्यात उंचावरच राहतात. खोल बर्फ साचला की त्यावर उभे राहून जुन्या झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारे दगडफूल खातात. बर्फ जितका खोल तितका त्यांचा घास उंचावर पोहोचतो, आणि लांडगे त्याच खोल बर्फात रुततात म्हणून तिथवर येत नाहीत. कॅरिबूचे संरक्षण म्हणजे काय, तर हा मऊ बर्फ. आता त्या बर्फातून स्कीवाल्यांनी दाबून घट्ट केलेली वाट काढली की लांडग्यांना आयता रस्ता मिळतो. म्हणून, दरीकाठ, आपण ज्याला निसर्गाला अनुकूल पर्याय समजत आहात, तो हिवाळ्यात या प्राण्यासाठी हेलिकॉप्टरपेक्षा अधिक घातक ठरू शकतो. हेलिकॉप्टर आवाज करते, पण मागे वाट सोडत नाही.

जॅस्पर राष्ट्रीय उद्यानात हा प्रश्न कागदावर राहिला नाही. तिथला मलीन खोऱ्याचा कळप नामशेष झाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. टॉन्क्विन खोऱ्यात सुमारे पन्नासच प्राणी उरले होते आणि त्यांत पिल्ले देणाऱ्या माद्या दहाच्या आसपास. राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेने आधी ते खोरे हिवाळ्याच्या सुरुवातीचे काही महिनेच बंद ठेवले होते. नंतर १ नोव्हेंबर ते १५ मे असा पूर्ण हिवाळा बंद केला, आणि २०२३ मध्ये तिथल्या दोन्ही लॉजचालकांशी समझोता करून त्यांचे परवाने संपुष्टात आणले. ॲमेथिस्ट सरोवरांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या पाहुण्यांची ये-जा होती. ती लॉज हेलिकॉप्टरची नव्हती. उन्हाळ्यात घोड्यांवरून आणि हिवाळ्यात स्कीवरून जाण्याची होती, म्हणजे धागालेखकांना हवी तशीच.

तेव्हा ‘पायी गेलेला पाहुणा निरुपद्रवी’ हे गृहीतक मला मान्य नाही. दक्षिण सेल्कर्कच्या कळपातली शेवटची मादी २०१९ च्या जानेवारीत पकडून दुसरीकडे हलवावी लागली, आणि त्याबरोबर अमेरिका-कॅनडा सीमा ओलांडून जाणारा तो कळप संपला. त्यामागे जंगलतोड सर्वांत मोठे कारण होते. लाकडासाठी तोडलेल्या जागी झुडपे उगवतात, झुडपांमागे हरणे व मूस येतात, आणि त्यांच्यामागे लांडगे. लॉजवाल्यांना सगळा दोष देणे अन्यायाचे होईल. पण जो कळप आधीच मरणपंथाला लागला आहे त्याच्या अंगणात आपण कोणत्या वाहनाने जावे, हा वाद मला गौण वाटतो. जावे की नाही हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

दरीकाठ

हिमगौरीताई, स्कीच्या वाटेचा मुद्दा माझ्या विचारातच आला नव्हता. हिवाळ्यापुरती माझी मागणी मी मागे घेतो. मात्र एक दुरुस्ती नोंदवू द्यावी: हेलिकॉप्टर वाट सोडत नसले तरी पाहुणा उतरल्यावर आठवडाभर स्कीवरूनच फिरतो, आणि लॉजभोवतीच्या सगळ्या उतारांवर वाटांचे जाळे पडते. आवाजाने बिथरलेला प्राणी हिवाळ्यात पळताना जी शक्ती घालवतो ती त्याला वसंतापर्यंत भरून काढता येत नाही. हेलिकॉप्टरला म्हणूनच त्यांच्यापासून अंतर राखायला सांगितले जाते. तेव्हा तुमच्या युक्तिवादाने पायी जाणाऱ्याची बाजू लंगडी होते हे खरे, पण त्यामुळे उडणाऱ्याची बाजू सबळ होत नाही.

शुभ्रा_क

मला दोन्ही पक्षांना एक तिसरे उदाहरण दाखवायचे आहे. योहो राष्ट्रीय उद्यानात लेक ओहाराकडे जाणारा ११ किलोमीटरचा कच्चा रस्ता खासगी गाड्यांना बंद आहे. उन्हाळ्यात ठराविक आसनांची बस जाते आणि तिच्या जागा सोडतीने मिळतात. ज्याला चालायचे त्याने खुशाल चालावे. हिवाळ्यात बस नसते, लॉजचे पाहुणेही स्कीवरून येतात. म्हणजे तिथे वाहन कोणते यावर भांडण झाले नाही. माणसे किती, हे आधी ठरले आणि मग वाहन बेतले गेले. सरोवराकाठच्या कुरणांतल्या वाटा पूर्वी चिखलाने रुंद झाल्या होत्या असे तिथले जुने लोक सांगतात. आज त्या एका पावलाच्या आहेत. असिनिबॉइनलाही हेलिकॉप्टर आठवड्यातून रविवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीनच दिवस उडते, याचा उल्लेख मूळ धाग्यात असायला हवा होता. उरलेले चार दिवस शांत असतात. दरीकाठ यांनी दुसऱ्या वारी निघायला हवे होते, इतकाच त्याचा अर्थ.

नाना कॅल्गरीकर

शुभ्राताई, सोडतीचे कौतुक ज्याचे नाव निघते तो करतो. आम्ही तीन वर्षे प्रयत्न केला. नाव निघाले नाही, शेवटी त्या ११ किलोमीटरच्या धुळकट रस्त्यावरून चालत गेलो आणि गुडघ्याने आठवडाभर सूड घेतला. पण तुमच्या शेवटच्या वाक्याला माझे शंभर गुण.

आता आगीचेही बोलू. २०१७ च्या उन्हाळ्यात कूटनी उद्यानातल्या व्हर्डंट क्रीकच्या वणव्यामुळे असिनिबॉइनचा मुख्य भाग पर्यटकांसाठी बंद करावा लागला. जुलै २०२४ मध्ये जॅस्परला काय झाले ते सर्वांनी पाहिले. वणव्याच्या धुरात २७ किलोमीटर चालत बाहेर पडा असे पाहुण्यांना सांगता येईल का? जे हेलिकॉप्टर रोजच्या कामावर असते तेच संकटात लगेच येते. ज्याचा धंदाच आपण बंद केला ते कुठून बोलावणार?

आणि राहता राहिला इंधनाचा मुद्दा. तो कोणी काढलेला नाही, पण निघण्याच्या आत सांगतो. समुद्र ओलांडून विमानाने कॅल्गरीला उतरायचे, तिथून भाड्याची मोटार हाकत पर्वतांत जायचे आणि मग दहा मिनिटांच्या हेलिकॉप्टरकडे बोट दाखवायचे, हा प्रामाणिक हिशेब नव्हे.

हिमगौरी

नाना, तो मुद्दा इतक्या सहज निकालात निघत नाही. या लॉजच्या व्यवसायाला तापमानवाढीचा फटका बसतोच आहे. ॲबट खिंडीतली २,९२५ मीटर उंचीवरची दगडी झोपडी स्विस मार्गदर्शकांनी १९२२ मध्ये उभारली होती. दोन्ही बाजूंचे बर्फ वितळत गेले, खालचा उतार ढासळू लागला, २०१८ मध्ये ती बंद झाली आणि २०२२ मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, पाडावी लागली. दहा मिनिटांच्या उड्डाणाने ती पडली असे मी म्हणत नाही. पण ‘आधीचा प्रवास मोठा होता म्हणून पुढचा मोजूच नये’ हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

अनवाणी

मागे मी जे लिहिले ते मागे घेतो. धागा वाचनीय झाला आहे. माझा अनुभव पर्सेल रांगेतल्या बगाबू या भागाचा. तिथली कॉनराड केन झोपडी पायीच गाठायची असते. पाच किलोमीटरदेखील नाहीत, पण चढ असा की काही ठिकाणी साखळ्या आणि एक शिडी आहे. गंमत वाहनतळावर. प्रत्येक मोटारीभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी गुंडाळून, खाली दगड आणि ओंडके लावून बंदोबस्त करायचा, कारण साळिंदरे येऊन ब्रेकच्या रबरी नळ्या आणि टायर कुरतडतात. आम्ही अर्धा तास ती जाळी बांधत बसलो. त्याच परिसरात १९६५ मध्ये हान्स ग्मोझर यांनी हेलिकॉप्टरने स्कीवाल्यांना नेण्याचा व्यवसाय सुरू केला होता. साळिंदरांचा त्रास पाहता त्यांना ती कल्पना का सुचली असावी, याचा मला अंदाज आहे.

पाचवा_मैल

साळिंदरांविषयी दुजोरा. जाळीचा तळ मोकळा राहिला तर ती खालून घुसतात.

दरीकाठ, एक प्रश्न राहून गेला. असिनिबॉइनला चालत जाणाऱ्या लोकांना आपले सामान वजनावर पैसे भरून हेलिकॉप्टरने पुढे पाठवता येते. तुम्ही गेलात तेव्हा पाठीवर किती ओझे होते?

दरीकाठ

प्रश्न नेमका आहे. तंबू आणि शिधा मी स्वतः वाहिला. वजन सोळा किलो होते, परतताना अकरा. मात्र माझ्या सोबत्याची पिशवी हेलिकॉप्टरने आली होती, आणि ती त्या पाच फेऱ्यांपैकी एकीत असणार, हे मूळ धागा लिहिताना मी सोयीस्करपणे विसरलो.

तरीही उन्हाळ्यापुरता माझा आग्रह कायम आहे. जिथे राखलेली पायवाट आहे, वणवा नाही, आणि अंतर दोन दिवसांत होण्याजोगे आहे, तिथे लॉजने पाहुण्याला आधी वाट सांगावी, मग उड्डाण. बंदीचा शब्द मी मागे घेतो, क्रमाचा नाही.

नाना कॅल्गरीकर

एवढे असेल तर माझीही हरकत नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यासाठी आम्ही दोघांनी असिनिबॉइनच्या जागा घेतल्या आहेत. बुधवारी हेलिकॉप्टरने जाऊ. येताना वंडर खिंडीतून उतरून ब्रायंट क्रीकच्या बाजूने चालत यायचा बायकोचा बेत आहे. गुडघ्याला अजून कोणी विचारलेले नाही.